१७ डिसेंबरचे कागद

टंबलर या ब्लॉग-मंचाच्या मदत-पानावर डिसेंबर २०१८ मध्ये जो नवा नियम आला, त्यात 'इलस्ट्रेशन' हा शब्द दोनदा आहे. एकदा बंदीच्या यादीत, एकदा सवलतीच्या. बंदीची यादी सांगते की खऱ्या माणसांची जननेंद्रियं किंवा 'स्त्रीची भासणारी स्तनाग्रं' दाखवणारे फोटो, व्हिडिओ, जिफ यापुढे चालणार नाहीत. आणि संभोग दाखवणारं काहीच चालणार नाही, मग तो फोटो असो, जिफ असो की इलस्ट्रेशन. मग सवलती लागतात: स्तनपान, बाळंतपण, शस्त्रक्रियेनंतरचं शरीर, शृंगारिक लेखन, राजकीय किंवा बातमीच्या अंगाची नग्नता, आणि कलेतली नग्नता, म्हणजे शिल्पं, इलस्ट्रेशनं वगैरे.

चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाने हे पान वाचलं तर त्याला काय कळावं? एकटी बसलेली विवस्त्र बाई काढली तर चालेल. तिच्या शेजारी कुणी येऊन बसलं तर जरा थांबून विचार करावा लागेल. दोघं आणखी जवळ आली, की सवलत संपून बंदी नेमकी कुठल्या रेषेवर सुरू होते, याबद्दल पान गप्प आहे. ती रेषा पानावर ठरणारच नव्हती. ती ठरवायला एक यंत्र बसवलं होतं, आणि यंत्र मदत-पान वाचत नाही.

आपल्याकडे इतिहास लिहिताना बखर आणि अस्सल कागद असा भेद करतात. बखर मागाहून लिहिलेली, दरबाराला शोभेल अशी. कागद म्हणजे ताकीदपत्र, जमाखर्च, यादी. त्याला शोभायचं नसतं, काम उरकायचं असतं. कंपन्यांच्या इतिहासालाही हा भेद उपयोगी पडतो. मुख्य अधिकाऱ्याच्या सहीची घोषणा ही बखर समजावी. मदत-पानावरचे नियम, शेअर बाजाराला दिलेले हिशेब, प्रोग्रामसोबत जोडलेली सूचना-चिठ्ठी, सरकारी आयोगाशी झालेला करार, हे कागद. टंबलरच्या बंदीबाबत दोन्ही प्रकारची साधनं शाबूत आहेत, आणि ती शेजारी ठेवली की एकमेकांशी जुळत नाहीत. ती कुठे जुळत नाहीत, तेवढंच इथे पाहायचं आहे.

टंबलर सुरू झालं फेब्रुवारी २००७ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये. डेव्हिड कार्प या विशीतल्या मुलाने ते काढलं. रचना साधी: आपला ब्लॉग, त्यावर चित्र, फोटो, चार ओळी, काहीही, दुसऱ्याचं आवडलं तर एका बटणात 'रिब्लॉग'. स्वतंत्र चित्रकाराला हे रिब्लॉग म्हणजे गॅलरी, एजंट आणि जाहिरात एकाच जागी मिळण्यासारखं होतं. एकाने काढलेलं कॉमिकचं पान शंभर अनोळखी ब्लॉगांवरून फिरत फिरत एखाद्या गिऱ्हाइकापर्यंत पोचायचं, आणि खाली मूळ चित्रकाराचं नाव चिकटलेलं राहायचं. तिथून तो मूळ ब्लॉगवर यायचा, 'कमिशन घेता का?' विचारायचा. ना कुणा क्युरेटरची ओळख लागे, ना भाड्याची भिंत. शरीराबद्दल, इच्छेबद्दल, समलिंगी प्रेमाबद्दल चित्रं काढणाऱ्यांना याचं मोल जास्त होतं, कारण भाड्याची भिंत त्यांना पैसे देऊनही सहज मिळत नसे.

२० मे २०१३ रोजी याहूने टंबलर सुमारे १.१ अब्ज डॉलरना विकत घेत असल्याचं जाहीर केलं. याहूच्या प्रमुख मॅरिसा मेयर यांनी त्या निवेदनात, आम्ही याची वाट लावणार नाही, असं चक्क वचन दिलं. त्याच उन्हाळ्यात कार्प स्टीफन कोलबेअरच्या टीव्ही कार्यक्रमात गेला. टंबलरवरच्या अश्लीलतेबद्दल छेडल्यावर त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की एखाद्या गायिकेचा पडद्यामागचा फोटो कुठे संपतो आणि अश्लील फोटो कुठे सुरू होतो, ती रेघ ओढत बसण्याची मला हौस नाही. हे उत्तर विनोदाच्या कार्यक्रमातलं असलं तरी साधन म्हणून मी त्याला बरंच वजन देतो. रेघ ओढणं अवघड आहे हे संस्थापकाला ठाऊक होतं, असा त्याचा सरळ अर्थ.

पुढचं मेयर यांच्या वचनापेक्षा याहूच्या हिशेबांतून जास्त कळतं. जाहिरातीतून अपेक्षेएवढा पैसा येईना. २०१६ च्या सुरुवातीला याहूने टंबलरच्या किमतीतले २३ कोटी डॉलर बुडीत धरले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी ४८.२ कोटी. म्हणजे तीन वर्षांत खरेदीच्या रकमेतला निम्म्याहून मोठा भाग कागदावरून पुसला गेला. जून २०१७ मध्ये याहूच व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीच्या पोटात गेली. त्याच महिन्यात टंबलरने 'सेफ मोड' आणला. संवेदनशील मजकुरावर पडदा, आणि पाहायचं असेल त्याने तो स्वतः बाजूला सारायचा. वर्षअखेरीला कार्प निघून गेला.

ज्याला 'बंदीचं कारण' म्हणतात, त्याची निम्मी पूर्वतयारी इथेच झाली होती, असं मला वाटतं. कुणी तरी एके सकाळी सोवळं नेसलं, असं काही घडलं नव्हतं. मालक बदलत बदलत शेवटी असा मालक आला, की ज्याला जाहिरातदारांसमोर एक स्वच्छ वही ठेवायची होती.

११ एप्रिल २०१८ रोजी अमेरिकेत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. 'फॉस्टा' आणि 'सेस्टा' या जोडनावाने तो ओळखला जातो. देहव्यापारासाठी होणारी मानवी तस्करी रोखणं हा त्याचा जाहीर हेतू. त्यापूर्वी वापरकर्ते काय टाकतात याची जबाबदारी मंचावर सहसा येत नसे. या कायद्याने त्या संरक्षणाला एका जागी भोक पाडलं. सही होण्याआधीच, मार्चमध्ये, क्रेगलिस्टने आपला वैयक्तिक जाहिरातींचा अमेरिकेतला विभाग बंद केला. कायद्यात चित्रकारांचा उल्लेख नाही, चित्रांचाही नाही. पण कंपन्यांचे वकील कायदा वाचतात तेव्हा तो काय म्हणतो याच्या जोडीला खटला झाला तर खर्च किती हेही वाचतात, आणि त्या वाचनात नग्न चित्र नि तस्करीची जाहिरात एकाच कप्प्यात जाऊन बसतात.

आणि मग नोव्हेंबर. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ॲपलच्या ॲप स्टोअरमधून टंबलरचं ॲप गायब झालं. तीन दिवसांनी कंपनीने कबुली दिली की नेहमीच्या तपासणीत बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर मंचावर आढळला होता. अशा मजकुराच्या ज्या सामायिक नोंदीशी कंपन्या आपल्याकडच्या प्रतिमा ताडून पाहतात, तिच्यात तो आलेला नव्हता, म्हणून चाळणीतून सुटला. हा गुन्हा आहे आणि त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. इथे नोंदवायचं ते एवढंच, की या गुन्ह्याचा आणि प्रौढ चित्रकाराने काढलेल्या प्रौढ माणसाच्या चित्राचा संबंध कागदोपत्री कुठेही जोडलेला नाही. तो जोडला गेला तारखांच्या शेजारामुळे.

३ डिसेंबरची घोषणा ही बखर. टंबलरचे तेव्हाचे प्रमुख जेफ डोनोफ्रिओ यांची तिच्यावर सही आहे आणि शीर्षकात 'अधिक चांगलं, अधिक सकारात्मक' टंबलर असा सूर आहे. सुरुवातीलाच ती बजावते, की बालशोषणाला इथे थारा नाही आणि आजच्या बदलाशी त्याची गल्लत करू नये. चांगली गोष्ट आहे. मग सांगते, की खूप विचारांती प्रौढ मजकूर १७ डिसेंबरपासून बंद. चुका होतील, हेही मान्य करते. काम यंत्रं करतील आणि त्यांना शिकवायला, आवरायला माणसं असतील. शेवटाकडे येणारं वाक्य मला या सगळ्या दस्तऐवजांतलं सर्वांत प्रामाणिक वाटतं: प्रौढ मजकूर ठेवणाऱ्या साइट्सची इंटरनेटवर वाण नाही, ते काम आम्ही त्यांच्यावर सोडतो, असा त्याचा आशय.

या घोषणेत 'ॲपल' हा शब्द नाही. एप्रिलच्या कायद्याचं नाव नाही. जाहिरातदारांचं नाही. दोन आठवड्यांपूर्वी ॲप काढलं गेलं होतं आणि बंदी लागू होण्याच्या काही दिवस आधी ते स्टोअरवर परत आलं, हा क्रम घोषणेतून कळत नाही; तो तारखा लावल्यावर कळतो.

ॲपलचे नियम खरोखर किती कडक होते, हेही पाहायला हवं. उघड लैंगिक मजकुराला त्यांच्या स्टोअरमध्ये मनाई आहेच. पण वापरकर्त्यांच्या मजकुरावर चालणाऱ्या सेवेत अधूनमधून प्रौढ मजकूर असेल, तर तो आरंभी झाकलेला असावा आणि वापरकर्त्याने वेबसाइटवर जाऊन स्वतः उघडलेला असावा, एवढ्यावरही भागतं अशी फट नियमांत आहे. टंबलरचा २०१७ चा सेफ मोड त्याच वळणाचा होता. म्हणजे नियमाने मागितलं त्याहून जास्त दिलं गेलं. दारात उभ्या असलेल्या शिपायाने काठी आपटली, आणि आतल्याने घरातलं सामानच बाहेर फेकलं.

ॲपलची काठी चित्रकारांवर पहिल्यांदा आपटली होती तीही याच वेळी नव्हे. जून २०१० मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट बेरी आणि त्यांच्या साथीदारांनी जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'वरून केलेलं कॉमिक आयपॅडसाठी पाठवलं, तेव्हा त्यातली नग्न चित्रं काढा असं सांगण्यात आलं. त्यांनी काढली. वर्तमानपत्रांत गवगवा झाल्यावर ॲपलने माघार घेतली आणि चित्रं परत आली. ज्या कादंबरीला अमेरिकेतल्या न्यायालयाने १९३३ मध्ये अश्लीलतेच्या आरोपातून मोकळं केलं होतं, तिच्यावरच्या कॉमिकला ७७ वर्षांनी पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागलं. या वेळी पिंजरा होता, न्यायाधीश नव्हता.

आता चाळणीकडे वळू. टंबलरने वापरलेल्या यंत्राचं आतलं रूप जाहीर नाही. पण त्याच घराण्यातला एक कागद उघड्यावर आहे. सप्टेंबर २०१६ च्या अखेरीला, टंबलर याहूच्या मालकीचं असताना, याहूच्या अभियंत्यांनी 'ओपन एनएसएफडब्ल्यू' नावाचं एक प्रारूप कुणालाही वापरता येईल असं खुलं केलं. त्याला एक चित्र द्यायचं. ते शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा देतं. ०.२ च्या खाली आलं तर चित्र बहुधा निर्धोक, ०.८ च्या वर गेलं तर बहुधा अश्लील, अधल्यामधल्याचं तुम्ही पाहा. शिकवायला वापरलेल्या प्रतिमा त्यांनी दिल्या नाहीत, त्यांचं स्वरूप पाहता ते समजण्यासारखं आहे. पण सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवली: हे प्रारूप फक्त अश्लील छायाचित्रांसारख्या प्रतिमांसाठी आहे, रेखाटनं, व्यंगचित्रं, मजकूर किंवा हिंसेची चित्रं ओळखणं हा त्याचा विषय नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये टंबलरवर चाललं ते हेच यंत्र होतं, असं या चिठ्ठीवरून म्हणता येणार नाही, आणि मी म्हणत नाही. चिठ्ठी सिद्ध करते ते वेगळंच: बंदीच्या दोन वर्षं आधी, त्याच कंपनीच्या छपराखाली, यंत्र बांधणाऱ्यांना हे माहीत होतं आणि त्यांनी ते लिहूनही ठेवलं होतं, की हाताने काढलेलं चित्र ही वेगळी जात आहे आणि फोटो पाहून शिकलेला डोळा तिथे चालत नाही. मदत-पान लिहिणाऱ्याने इलस्ट्रेशनला सवलत दिली तेव्हा तो आणि चिठ्ठी लिहिणारा एका खोलीत बसले होते का, असं विचारावंसं वाटतं.

यंत्र पाहतं ते ठिपके. उबदार रंगाचा मोठा सलग पृष्ठभाग, त्याची वळणं, त्यावरच्या छाया. हे सगळं पूर्वी दाखवलेल्या लाखो प्रतिमांपैकी कुठल्या ढिगाशी जास्त जुळतं याचा तो अंदाज असतो. चित्राखालचं तीन परिच्छेदांचं टिपण, चित्रकाराचं नाव, हे शारीर अभ्यासाचं रेखाटन आहे की कॉमिकच्या चौदाव्या पानावरचा प्रसंग, हे त्याच्या कानावर जात नाही. जे.जे.च्या लाइफ क्लासमध्ये कोळशाने केलेला अभ्यास आणि मोबाइलवर काढलेला फोटो यांतला फरक आपल्याला हातात कागद धरला की कळतो. त्याला कागदच माहीत नाही.

शिवाय साधा त्रैराशिकाचा भाग आहे. समजा यंत्र शंभरात एकदाच चुकतं. माणसाच्या मानानेही हे वाईट नाही. एक कोटी निर्दोष चित्रं त्याच्यापुढून गेली तर एक लाख चित्रांवर विनाकारण शिक्का बसेल. हा आकडा मी समजण्यासाठी धरलेला आहे, टंबलरचा नव्हे. पण तो डोक्यात ठेवला की पहिल्या दोन आठवड्यांतला गोंधळ अवाक करत नाही. ३ डिसेंबरपासूनच पोस्टवर शिक्क्याच्या लाल पट्ट्या दिसू लागल्या. पूर्ण कपड्यांतली माणसं, निरुपद्रवी रेखाटनं अडकल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांनी नावानिशी छापल्या. कळस पुढे झाला: कोणती नग्नता अजून चालते हे दाखवण्यासाठी टंबलरने स्वतःच निवडलेले नमुने त्याच्याच चाळणीने अडवल्याचं पत्रकारांनी करून दाखवलं. सवलतीचा नियम लिहिणारा हात आणि तो राबवणारा हात यांची भेट झालेली नव्हती, याला यापेक्षा अस्सल पुरावा शोधायला नको.

१७ डिसेंबरला कंपनीने पुन्हा एक निवेदन काढलं. तुमचं काही पुसलेलं नाही, असं त्यात धीराने सांगितलं आहे. शिक्का बसलेली पोस्ट झाकली जाईल आणि ती फक्त करणाऱ्यालाच दिसेल. शिक्का चुकीचा वाटला तर अपील करा, खरा माणूस तपासेल. ज्या ब्लॉगांवर पूर्वीपासून 'एक्स्प्लिसिट' हा शिक्का होता ते राहतील, पण झाकलेले. त्यांच्या पोस्ट शोधात येणार नाहीत.

वरवर पाहता हे सौम्य वाटतं. पुसणं वेगळं, झाकणं वेगळं. पण टंबलरवरच्या चित्रकाराचं अर्थकारण आठवा. त्याचं चित्र त्याच्या एकट्याच्या कपाटात असण्याला किंमत नव्हती. ते दुसऱ्याच्या ब्लॉगवर जाण्याला होती. जी पोस्ट फक्त आपल्यालाच दिसते ती पुढे कुणी नेणार नाही, तिच्या खालून कुणी कमिशन विचारायला येणार नाही. दुकान पाडलं नव्हतं, दाराला आतून कडी घातली होती आणि दुकानदार आत होता.

अपिलाचंही तेच. एका पोस्टचं अपील म्हणजे एक बटण. दहा वर्षांच्या ब्लॉगवर शेकडो पोस्टना शिक्के बसले, तर प्रत्येकीवर ते बटण दाबायचं, वाट पाहायची, आणि तोवर पुढचं चित्र काढायचं. हे काम बिनपैशाचं असतं. नोकरदार कलावंताचा वेळ मालकाच्या खात्यात पडतो. स्वतंत्र कलावंताचा पडतो स्वतःच्याच. पुढे पुढे बरेच जण अपील करत नाहीत. ते चित्रच बदलतात: वाकलेली पाठ सरळ करतात, छातीवर केसांची बट ओढतात, रंग निळसर करतात. याची नोंद कुठल्या हिशेबात होत नाही, कारण जे चित्र काढलंच गेलं नाही त्यावर शिक्काही बसत नाही.

इथे मला आपल्याकडचं १९५४ सालचं एक प्रकरण आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांच्या प्रदर्शनात 'लव्हर्स' मालिकेतली दोन चित्रं होती. पोलिसांनी ती उतरवायला सांगितली. पदमसींनी नकार दिला. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. ते निर्दोष सुटले. पोलीस कलेचे जाणकार होते असं कुणी म्हणणार नाही, आणि पंचविशीतल्या चित्रकाराला कोर्टाची पायरी चढायला लावणं ही काही कौतुकाची गोष्ट नव्हे. पण त्या खटल्यात आरोप करणाराला तोंड होतं, कायद्याला कलम होतं, आणि चित्रकाराला 'नाही उतरवत' म्हणायची जागा होती. टंबलरच्या कागदांत त्या जागेचं नाव 'अपील' होतं आणि तिथे म्हणणं मांडायला ओळी नव्हत्या.

कुणी म्हणेल, मंचाविरुद्धही कोर्टात जाता येतं. जाता येतं. पॅरिसमधल्या एका शिक्षकाचं फेसबुक खातं फेब्रुवारी २०११ मध्ये बंद झालं; त्याने गुस्ताव्ह कूर्बेच्या १८६६ सालच्या 'विश्वाचा उगम' या चित्राची प्रतिमा टाकली होती. मूळ चित्र पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात भिंतीवर आहे, शाळेच्या सहली त्याच्यासमोरून जातात. हा खटला फ्रान्समध्ये चालवायचा की कॅलिफोर्नियात, एवढंच ठरायला पाच वर्षं गेली. मार्च २०१८ मध्ये निकाल लागला: पुरेशी सूचना न देता खातं बंद करणं ही फेसबुकची चूक, पण नुकसानभरपाई नाही. सात वर्षं, एक अजरामर चित्र, आणि हाती शून्य. ज्याचं चित्र ओर्सेत नाही आणि ज्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरायचं आहे, त्याने या वाटेला जावं असं मी तरी सुचवणार नाही.

फटका कुणाला किती बसला, याचा एक सरकारी कागद मात्र आहे. बंदी येताच न्यूयॉर्क शहराच्या मानवी हक्क आयोगाने चौकशी सुरू केली; समलिंगी आणि पारलिंगी वापरकर्त्यांचा मजकूर या चाळणीत जास्त अडकतो का, हा तिचा विषय होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये तडजोडीचा करार जाहीर झाला. अपिलाची पद्धत सुधारायची, तपासणाऱ्या माणसांना प्रशिक्षण द्यायचं, जुनी हजारो प्रकरणं पुन्हा उघडायची आणि यंत्रातला पक्षपात शोधायला तज्ज्ञ नेमायचा, अशी कलमं त्यात आहेत. या तडजोडीत कुणाला दोषी ठरवलेलं नाही. तरीही, जुनी प्रकरणं पुन्हा पाहा असं ज्या कागदात लिहावं लागतं, तो कागद सगळं नीट चाललं होतं असं म्हणत नाही.

करार होईपर्यंत मालकही बदलला होता. सिमिलरवेब या मोजणी-संस्थेच्या अंदाजाने डिसेंबर २०१८ मध्ये टंबलरला ५२.१ कोटी भेटी होत्या, त्या फेब्रुवारी २०१९ मध्ये ३७ कोटींवर आल्या. ऑगस्टमध्ये व्हेरायझनने ते वर्डप्रेसवाल्या ऑटोमॅटिकला विकलं. किंमत ३० लाख डॉलरपेक्षाही कमी, असं तेव्हा छापून आलं. १.१ अब्ज ते ३० लाख. सगळी घसरण बंदीमुळे झाली असं म्हणणं हिशेबाला धरून होणार नाही. बुडीत रकमा २०१६ पासूनच लिहिल्या जात होत्या.

ऑटोमॅटिकचे प्रमुख मॅट मलनवेग यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये एक लांबलचक टिपण लिहिलं. जुनं, मोकळं टंबलर परत का आणता येत नाही, हा त्याचा विषय. बखरीपेक्षा ते कागदाच्या जवळ जातं, कारण २०१८ च्या घोषणेने गाळलेली नावं त्यात एकेक करून येतात. क्रेडिट कार्ड कंपन्या: त्यांना प्रौढ मजकूर नको, आणि त्यांनी हात काढला तर पैसे घ्यायची सोयच जाते. ॲप स्टोअर, विशेषतः ॲपल: त्यांनी कायमचं बाहेर काढलं तर सेवा बहुधा बंदच करावी लागेल. शिवाय चित्रातल्या माणसाची संमती आणि वय पडताळण्याचा खर्च. टिपण वाचताना लक्षात येतं, की मंचाचा मालकही स्वतःला भाडेकरूच समजतो. चित्रकार टंबलरच्या जागेत, टंबलर ॲपलच्या नि कार्डवाल्यांच्या जागेत.

आणि मग १ नोव्हेंबर २०२२ चा नवा नियम. चार वर्षांनी नग्नता परत आली: मानवी देह, विवस्त्र असला तरी, योग्य ते लेबल लावून टाकता येईल. संभोगाचं दृश्य चित्रण मात्र पूर्वीसारखंच वर्ज्य. २०१८ च्या पानावर जिथे इलस्ट्रेशन दोन बाजूंना दोनदा आलं होतं, तिथली गाठ यामुळे निम्मी सुटली, निम्मी तशीच राहिली. पण या नियमात एक नवा अपवाद आहे, आणि तो वाचून मी पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. संभोग दाखवणारी कला चालेल, असं तो म्हणतो, पण ऐतिहासिक महत्त्वाची आणि एखाद्या प्रस्थापित संग्रहालयात सापडेल अशी असेल तर. उदाहरण दिलं आहे भारतातल्या शुंग साम्राज्याचं.

खजुराहो नाही, कोणार्क नाही, शुंग. जपानी शृंगारचित्रांनाही 'शुंगा' म्हणतात आणि जगभरच्या कलाविद्यार्थ्यांना तेच नाव आधी आठवेल, पण नियमात लिहिलं आहे ते भारतच. उदाहरण चुकीचंही नाही. बंगालमधल्या चंद्रकेतुगढला मिळालेल्या, शुंग काळाच्या आगेमागे धरल्या जाणाऱ्या भाजक्या मातीच्या फलकांवर मिथुनं आहेत, काही अगदी निःसंकोच. तळहाताएवढे फलक, साच्यातून काढलेले, म्हणजे एकाच साच्याचे अनेक. कुंभारासारख्या कुणा कारागिराने बाजारासाठी केलेले असावेत. त्यातले काही आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. त्यांवर करणाऱ्याचं नाव नाही. ते टंबलरवर टाकायचे असतील तर लेबल लावून टाकता येतात.